वर्षं मोजून वाढ कळते का?

काका, सलाम. आत्मिक प्रौढतेवरच्या, म्हणजे माणूस विश्वासात किती वाढला यावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही रागावलात. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं तर ही वाढीची भानगड कशाला, कोण प्रौढ नि कोण बाळ हे ठरवणारी मी कोण, आणि चार पिढ्या ख्रिस्ती देवळात जाणाऱ्यांना बाळं म्हणणं हा अपमान नव्हे का, असे तुमचे सवाल आहेत.

पहिल्यावर आपल्यात वादच नाही. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला त्याच दिवशी सुखलोक मिळाला. वाढायला त्याला सवडच नव्हती. आपल्याला ती मिळाली आहे, एवढाच फरक. प्रेषित पौलसुद्धा बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात लिहितो की मी अजून पूर्ण झालेलो नाही.

दुसरं मात्र पटत नाही. अध्यक्ष, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा पुढारी, नवशिका नसावा, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट आहे. म्हणजे मंडळीने पारख करायचीच आहे. आपण ती करतोही, फक्त वर्गणी आणि आडनाव बघून!

आता चार पिढ्या. बेळगावात लंडन मिशन या ख्रिस्ती संस्थेचं काम १८२० साली सुरू झालं, तेव्हा आपल्याकडे जुनी घराणी असणारच. पण इब्री लोकांस पत्रात वर्षांचाच हवाला देऊन खडसावलंय: एवढ्या काळात तुम्ही शिक्षक व्हायला हवे होतात, अजून दूधच लागतंय. आणि करिंथची मंडळी बघा. कोणत्याच कृपादानात, म्हणजे देवाने दिलेल्या आत्मिक देणगीत, ती उणी नाही असं पौल तिला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात म्हणतो, आणि तिसऱ्यात त्याच लोकांना बाळं ठरवतो. कारण हेवा आणि भांडणं. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोस या उपदेशकाचा. मराठी उपासना आधी की कन्नड, यावरून आपल्या भागात रंगणाऱ्या बैठकांना जे बसलेत, त्यांना करिंथ काही लांब वाटणार नाही.

सहाव्या अध्यायात तो कोर्टकचेरीवरच येतो. खानापूर तालुक्यातले दोघे सख्खे भाऊ मला माहीत आहेत. बांधावरून दावा चालू आहे. रविवारी थोरला प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढे गेला की धाकटा बाकावरच चुळबुळत बसतो आणि शेवटच्या रांगेत उठतो, शेजारी गुडघे टेकायला लागू नयेत म्हणून. थोरल्याची प्रार्थना ऐकत राहावी अशी, स्तोत्रं तोंडपाठ. मी विषय काढला तर म्हणाला, "तेवढं सोडून बोला की ओ." मला विचाराल तर त्याची वाढ तिथेच अडली आहे, आणि आणखी शंभर स्तोत्रं पाठ केली तरी ती सुटायची नाही.

मग हक्क सोडून द्यायचा का, असं तुम्ही विचाराल. "त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही?" हा पौलाचा प्रश्न मलाही जड जातो. सरकारी मोजणी मागवू नये असं माझं म्हणणं नाही. मोजणीदार येऊन दगड रोवून जाऊ दे. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय, आणि त्याला मोजणीचा निकाल लागेपर्यंत थांबायचं काही कारण नाही. दोघांची घरं एकाच गल्लीत आहेत.