परमिट रूमची पाटी आणि फोर्टची संध्याकाळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सीएसएमटी ते रीगल सिनेमा या, गट घेऊन करायच्या संध्याकाळच्या बार-फेरीवरच्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. तिचा गोषवारा असा: इतिहासाच्या नावाखाली दारू पाजायचा हा उद्योग आहे, तरीही पहिला ग्लास पावणेदोन तासांनी येतो, म्हणजे धड बारही नाही, परमिटची कटकट उगाच, कारण कुणी विचारतच नाही, टाटांना वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारल्याचा किस्सा गाळला, आणि पावसाळ्याचा विचारच केला नाही. शेवटचा मुद्दा मान्य, त्याबद्दल शेवटी.

पहिले दोन आक्षेप एकमेकांना छेद देतात, तरी दोन्हींचं उत्तर एकच आहे. मुंबईतला बार शहराच्या इतिहासाशेजारी नुसता बसलेला नाही, तो त्याच इतिहासातून निघालेला आहे. ‘रेस्टॉरंट अँड परमिट रूम’ ही पाटी पाहून बाहेरगावचा माणूस चक्रावतो. परमिट कसलं? तर पिणाऱ्याचं. १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली. अबकारी खातं होतं डॉ. गिल्डर यांच्याकडे. ते स्वतः पारशी आणि दारूच्या धंद्यात पारशीच मोठे, त्यामुळे घरचाच वाद पेटला. ती बंदी टिकली नाही. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी लागू झाली. या कायद्याला आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी उडवली. बाकीच्यांसाठी डॉक्टरी कारणावरचं परमिट होतं, म्हणजे माणूस हौसेने नव्हे, प्रकृतीसाठी पितो असं कागद म्हणायचा! ज्यांना कागद मिळत नसे त्यांच्यासाठी धोबीतलावच्या बाजूला आंटीचा अड्डा, म्हणजे चोरटा गुत्ता होता, आणि काळा गूळ-नवसागराची हातभट्टी मोटारीच्या रबरी ट्यूबमधून तिथवर पोचायची. साठच्या दशकात बंधनं सैल झाली, कायदा मात्र राहिला. आजच्या पाटीवरचा ‘परमिट’ हा शब्द तिथला आहे. तो न उलगडता ग्लास समोर ठेवणं हीच खरी इतिहासाची थट्टा.

म्हणूनच परमिटची ‘कटकट’ गाळता येत नाही. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचं परमिट ५ रुपये, वर्षाचं १००, आजन्म १०००. देशीसाठी एक दिवसाचं २ रुपये. बऱ्याच ठिकाणी विचारत नाहीत हे खरं, पण बाराजणांचा जथा घेऊन येणाऱ्याने विचारलं जाणार नाही या भरवशावर राहू नये. वयाचं तर पक्कं पाहा: महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१, व्हिस्की-रमला २५. गटात तेविशीतला कुणी असला तर त्याची ऑर्डर वेगळी, हे टेबलावर बसण्याआधी सांगायचं. वेटरसमोर सांगितलंत की तो ओशाळतो आणि हुज्जत सुरू होते. तारीख ठरवताना २ ऑक्टोबर टाळा आणि निवडणुकीचं वेळापत्रक पाहा. मतदान संपेपर्यंतचे ४८ तास कोरडे असतात.

आता पहिला ग्लास इतका उशिरा का. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात किल्ल्याच्या तटाचा उरलेला तुकडा आहे. तो उजेडातच दिसतो, आणि दवाखान्यात दारूचा वास घेऊन शिरायचं नसतं (तिथेही चार-चार जणांनीच जावं). तिथून शहीद भगतसिंग मार्गावरचं कॅफे युनिव्हर्सल, मग हॉर्निमन सर्कल, टाउन हॉलच्या ३० पायऱ्या, नगीनदास मास्टर रोडवरचं कॅफे मिलिटरी. हा रस्ता म्हणजे जुना मेडोज स्ट्रीट, तटाच्या आतल्या इंग्रजी वस्तीतला. सगळं अंतर वळसे धरून तीनेक किलोमीटर. चढ नाही, पण फूटपाथ कुठेही संपतो.

पाच बारची फेरी तिसऱ्या ठिकाणी का फसते, त्याचा हिशेब सोपा आहे. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची बाटली म्हणजे ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ३० मिलिलिटरचा पेग ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे जेमतेम १३. एक बाटली चार पेगांच्या बरोबरीची! ‘एकच बिअर घेतली’ म्हणणारा माणूस काळा घोड्यापाशी पोचेस्तोवर गाइडला दुरुस्त करू लागतो. म्हणून तीनच ठिकाणं, माइल्ड बिअरची ३३० मिलिलिटरची बाटली किंवा एक पेग, सोबत उकडलेले चणे किंवा खिमा-पाव, आणि प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी. कोरड्या चखण्यावर नेऊ नका, मिठाने तहान वाढते आणि ती दारूवरच भागवली जाते. बिल प्रत्येक ठिकाणी तिथल्या तिथे मिटवा: खाण्यावर जीएसटी, दारूवर व्हॅट, त्यामुळे न पिणाऱ्याचा वाटा समान भागाकाराने काढला की भांडण ठरलेलं.

वॉटसनचा किस्सा मुद्दाम गाळला. जमशेटजींना तिथे अडवलं म्हणून ताज उभं राहिलं, ही गोष्ट ऐकायला झकास आहे, पण तिला त्या काळातला ठोस आधार मिळत नाही. आणि त्या इमारतीला उसन्या गोष्टीची गरजही नाही. १८६७ ते १८६९ दरम्यान इंग्लंडात ओतलेले बिडाचे खांब इथे आणून जोडले, आणि ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चित्रं इथेच दाखवली गेली. एवढं सांगायला समोरचा फूटपाथ पुरतो. सज्जाखाली गट उभा करू नका, इमारत जर्जर आहे.

शेवटी पावसाळा. तिथे चूक आमचीच. जूनमध्ये सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो, त्यामुळे पाचऐवजी सहाला निघालं तरी चालतं. जून ते सप्टेंबर तटाचा तुकडा आणि टाउन हॉलच्या निसरड्या पायऱ्या गाळून सीएसएमटीहून डी. एन. रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौकापर्यंत यावं, छत्री जवळपास उघडावी लागत नाही. कॅफे युनिव्हर्सल मग वाटेवर राहत नाही, म्हणून पहिला ग्लास थेट कॅफे मिलिटरीत. मूळ लेखातला मार्ग तसा बदलला आहे.