‘शून्य खर्चात ऑनलाइन दुकान’: त्या संदेशाचा एकेक मुद्दा

घरगुती मसाले, पापड, कुरडया करून विकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश सारखा फिरतो. त्याचं सार असं: ‘ऑनलाइन दुकानाला भांडवल लागत नाही. वेबसाइट फुकट होते. ४० लाखांपर्यंत जीएसटी नाही. घरगुती पदार्थाला परवाना लागत नाही. कुरिअरचा खर्च गिऱ्हाईक देतं. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली की विक्री वाढते.’ यातलं एक वाक्य साफ खोटं आहे आणि बाकीची अर्धवट खरी. बचत गटाचं कर्ज काढून सुरुवात करणाऱ्याला ही अर्धवट खरी वाक्यंच जास्त महागात पडतात.

‘वेबसाइट फुकट होते.’ दुकानाची साइट बनवायचं वू-कॉमर्स हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, हे खरं. पण त्याला होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला इंटरनेटवर भाड्याची जागा लागते, साइटच्या नावाला, म्हणजे पत्त्याला, डोमेन लागतं, आणि दोन्हींचा पहिल्या वर्षाचा दर बहुधा सवलतीचा असतो. घेताना नूतनीकरणाचा दर पाहा. शॉपिफायसारख्या तयार दुकान देणाऱ्या सेवेत देखभालीची कटकट कमी, पण दरमहा भाडं चालू. साइटवर ऑनलाइन पैसे घ्यायला पेमेंट गेटवे ही सेवा हवी. तिचा साधारण दर २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के. परतावा, पाठवणी, गोपनीयता, अटी आणि संपर्क ही पानं साइटवर नसतील तर गेटवेचा अर्ज तिथेच अडकतो. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. एकट्याचं दुकान असेल तर तो अधिकारी तुम्हीच.

‘४० लाखांपर्यंत जीएसटी नाही.’ वार्षिक उलाढालीची ही मर्यादा महाराष्ट्रात आणि गोव्यातही आहे, पण ती राज्याच्या आत माल विकणाऱ्यांसाठी. करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. गोड्या मसाल्यावर ५ टक्के कर आहे. त्यामुळे कोल्हापुरातून बेळगावला गेलेलं पहिलं पाकीटही या नियमात येतं. पापडावर कर शून्य आहे, म्हणून फक्त पापड विकणाऱ्याला ही अट नाही. त्याच दुकानात मसाला ठेवला की चित्र बदलतं. मार्केटप्लेसवर, म्हणजे ॲमेझॉनसारख्या दुसऱ्याच्या साइटवर, विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून एक सोय आहे: मर्यादेच्या आतल्या विक्रेत्याला जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घेता येतो आणि पूर्ण नोंदणीशिवाय विकता येतं, पण आपल्याच राज्यात. नोंदणीला सरकारी शुल्क नाही. खर्च पुढे लागतो. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं, आणि ३बी हे विक्री-कराचं विवरणपत्र उशिरा भरलं तर दिवसाला ५० रुपये, शून्य विवरणपत्राला २० रुपये विलंब शुल्क. म्हणून पहिले काही महिने राज्यातच विकायचं की बाहेर जायचं, हे डोमेन घेण्याआधी ठरवा आणि त्याप्रमाणे साइटवर पिनकोडची मर्यादा घाला.

‘घरगुती पदार्थाला परवाना लागत नाही.’ साफ खोटं. घराच्या स्वयंपाकघरात केलेला पदार्थही विकायचा असेल तर आधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. अर्ज त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होतो आणि लहान उत्पादकाला शुल्क किरकोळ आहे. पाकिटावर १४ अंकी क्रमांक, घटक, शाकाहारी चिन्ह, बॅच, तारखा, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, पत्ता आणि ग्राहक संपर्क हवा. पाकीटबंद मालासाठी वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडेही नोंदणी लागते: शुल्क ५०० रुपये, मुदत पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवस. काटाही त्यांच्या मोहरेचा हवा, स्वयंपाकघरातला चालत नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सुरुवातीलाच हजारो छापील पाऊच मागवणं. दर, पत्ता किंवा परवाना क्रमांक बदलला की सगळे रद्दी. पहिले काही लॉट साध्या फॉइलच्या झिप पाऊचवर स्टिकर लावून काढा. नुसत्या कागदी पाऊचमध्ये मसाल्याचं तेल बाहेर येतं आणि वास उडतो.

‘कुरिअरचा खर्च गिऱ्हाईक देतं.’ नियोजनातलं सगळ्यात मोठं भोक इथे आहे. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर पैसे लावतं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. अर्धा किलो कुरडया ३०×२०×१५ च्या खोक्यात भरल्या तर आकडा येतो १.८ किलो. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने बिल दोन किलोचं, म्हणजे मालाच्या चौपट वजनाचं भाडं. त्याऐवजी २०×२०×१२ च्या खोक्यात बसतील अशा लहान कुरडया घातल्या तर ०.९६ किलो, बिल एक किलोचं. कुरडई केवढी घालायची हे म्हणूनच आधी खोकं ठरवून मग ठरवायचं. मसाल्याचंही तसंच. पाव-पाव किलोची दोन पाकिटं म्हणजे अर्धा किलो, वर पाऊच आणि खोकं धरून टप्पा ओलांडला, बिल एक किलोचं. २०० ग्रॅमची दोन पाकिटं छोट्या खोक्यात पॅकिंगसह अर्ध्या किलोत बसतात. पार्सल देण्याआधी खोक्याला टेप लावून आणि काट्यावर ठेवून असे दोन फोटो काढून ठेवा. कुरिअरच्या यंत्राने जास्त वजन दाखवलं तर हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात आणि पुरावा हाच.

हा खर्च शेवटच्या पानावर वेगळा लावला तर बरेच गिऱ्हाईक तिथूनच परत जातात. किमतीत धरायचा तर हिशोब करून बघा. दोन पाकिटांची ऑर्डर ४५० रुपयांची. त्यातून जीएसटी गेला की राहतात सुमारे ४२९. कच्चा माल, दळण, मजुरी १८०, पाऊच-स्टिकर १८, खोकं २०, कुरिअर ७५, गेटवे ११. हातात उरले १२५. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला. पण जाहिरातीवर ऑर्डरमागे १०० गेले तर उरतात पंचवीस, हे साइट बांधण्याआधी कागदावर दिसायला हवं.

‘कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली की विक्री वाढते.’ ऑर्डरी वाढतात, विक्री नव्हे. वरचेच आकडे घेऊन १०० ऑर्डरी धरा, त्यातल्या २० परत आल्या. पोचलेल्या ८० ऑर्डरींवर गेटवेचे पैसे वाचले, पण रोख गोळा करण्याचे साधारण ४० लागले. प्रत्येकी ९५-९६ उरले, म्हणजे सुमारे ७,६५०. परत आलेल्या प्रत्येकीमागे जाण्याचे ७५, येण्याचे ७५ आणि खोक्याचे २०, असे एकूण ३,४०० गेले. राहिले ४,२५०. जाहिरातीचे १०,००० वजा केले की ५,७५० चा तोटा. पैसे आधी घेऊन याच १०० ऑर्डरी पाठवल्या तर २,५०० नफा. त्यात परत आलेलं पाऊच फाटलेलं असेल तर तो माल पुन्हा विकता येत नाही. रोखीचे पैसेही लगेच नाही, आठवडाभराने जमा होतात. सोय ठेवायचीच असेल तर वर ठरावीक रक्कम लावा, पाठवण्याआधी फोनवर खात्री करा आणि वारंवार परत येणारे पिनकोड बंद करा.

मग लागतं तरी किती? २०० ग्रॅमची १०० पाकिटं, म्हणजे २० किलो मसाला, धरून: माल ९,०००, पाऊच-स्टिकर ९००, ५० खोकी १,०००, कुरिअरच्या वॉलेटमध्ये आगाऊ ३,७५०, काटा आणि सीलिंग मशीन ७,००० च्या आसपास, साइट वर्षाला ५,०००, जाहिरात ५,०००. बेरीज ३१,६५०. यात दुसऱ्या लॉटचा माल नाही, आणि पहिल्या लॉटचे पैसे पूर्ण हातात येण्याआधी तो घ्यावा लागतो. त्याचे दहा हजार वेगळे ठेवा. जाहिरातीचे पाच हजार मात्र पहिल्या दिवशी खर्चू नका. आधी ओळखीतल्या दहा जणांना वेगवेगळ्या गावी पार्सलं पाठवा, फुटलं काय, सांडलं काय, बिल किती वजनाचं आलं ते नोंदवा, आणि त्या बिलांवरून किंमत पक्की करा.