दोन ओमचा हिशोब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि चांगलीच तिखटही, म्हणून ‘धन्यवाद, विचार करतो’ एवढ्यावर भागवत नाही.

ज्यांनी मूळ वाद वाचला नाही त्यांच्यासाठी: कारच्या पुढच्या दारांत ६.५ इंची कंपोनंट सेट (म्हणजे खालच्या सुरांचा वूफर आणि वरच्या सुरांचा ट्वीटर असे वेगळे स्पीकर) बसवताना दोन्ही क्रॉसओव्हरमधूनच, म्हणजे ज्याचे त्याला सूर वाटून देणाऱ्या छोट्या डब्यातूनच जोडा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की चार ओमचे (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दोन स्पीकर एका वायरीवर आले की दोन ओम होतात आणि स्टिरिओ जळतो; कंपनीच्या गाडीत असला डबा नसतो, तरी गाणी वाजतातच; आणि ट्वीटरची वायर ‘उलटी जोडून ऐका’ हा माझा सल्ला तर वायरिंगचा पहिला धडाच विसरायला लावणारा आहे.

तुम्ही घरगुती वायरिंगची कामं करता असं लिहिलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. समांतर जोडणीचा तुमचा हिशोब बरोबर आहे. पण घरातली वीज कायम ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची असते. गाण्यात ढोलकीच्या घुमाऱ्यापासून झांजेच्या किणकिणीपर्यंत सगळं एकाच वेळी एकाच वायरीतून येतं, आणि क्रॉसओव्हरमधला कपॅसिटर नि कॉइल (तारेचं वेटोळं) यांचा अडथळा प्रत्येक सुराला वेगळा असतो. पंख्याचा कपॅसिटर तुम्ही अनेकदा बदलला असेल; ट्वीटरच्या वाटेत बसतो तो त्याचाच भाऊबंद.

आकडेच घेऊ. ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि वूफरला ०.१६ मिलिहेन्रीची कॉइल, हा चार ओमसाठीचा सगळ्यात साधा क्रॉसओव्हर. ५० हर्ट्झला तो कपॅसिटर सुमारे ३१८ ओमचा अडथळा होतो, म्हणजे ट्वीटर तिथे जवळजवळ जोडलेलाच नाही. १०,००० हर्ट्झला कपॅसिटरचा अडथळा जेमतेम १.६ ओम, पण आता वूफरच्या वाटेतली कॉइल १० ओमची झालेली असते. दोघांची अदलाबदल होते, म्हणजे काम वूफरकडून ट्वीटरकडे जातं, ते ४,००० हर्ट्झच्या आसपास. मजा अशी की स्पीकर निव्वळ चार ओमचे धरले तर या जोडीचा एकत्र भार कुठल्याही सुराला चार ओमच येतो, अगदी अदलाबदलीच्या जागीसुद्धा. खऱ्या स्पीकरचा भार थोडा वरखाली होतो, पण दोन ओमची भीती उरत नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. क्रॉसओव्हरला दोन्ही स्पीकर जोडा, स्टिरिओकडून येणाऱ्या वायरी सोडवा आणि त्या टोकांवर मल्टिमीटर लावा. साडेतीनच्या आसपास आकडा दिसेल, त्याच्या निम्मा नाही. मीटरचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, कपॅसिटरमधून जातच नाही, त्याला फक्त वूफर दिसतो.

आता कंपनीच्या गाडीचं. इथे तुमचं निरीक्षण पक्कं आहे. बहुतेक साध्या गाड्यांत वूफर थेट जोडलेला असतो आणि ट्वीटरच्या पाठीला एक छोटा कपॅसिटर डकवलेला असतो. पण हे चालतं कारण तो कागदी वूफर वरच्या सुरांना आपसूक मवाळ होतो, आणि त्याच्या पडद्याला हलवणारी व्हॉइस कॉइल हीसुद्धा कॉइलच असल्यामुळे वर त्याचा अडथळा वाढत जातो. कंपनीने डबा वगळला तो हा हिशोब करून. बाजारातून आणलेला वूफर त्या हिशोबात नव्हता. तो वरचे सूर कर्कश काढू शकतो, आणि मग लोक ट्वीटरला शिव्या घालतात. सेटबरोबर डबा फुकट आलेला असताना तो बाजूला ठेवून ‘थेट जोडलं की आवाज मोकळा येतो’ म्हणणारे फिटर मीही पाहिलेत. त्यांचा दाराचं पॅड उघडण्याचा वेळ वाचतो, दुसरं काही नाही. जुना ट्वीटर नव्या क्रॉसओव्हरवर लावणार असाल, तर मात्र त्याच्या पाठीवरचा कपॅसिटर काढावा लागेल, नाहीतर दोन चाळण्या एकामागे एक होतील.

उलट्या वायरीवर जरा थांबतो. वूफरच्या बाबतीत तुमचा धडा शंभर टक्के खरा: डावा-उजवा एकसारखेच हवेत, नाहीतर बास एकमेकांना खाऊन टाकतो. ट्वीटरचं तसं नाही. दर सप्तकाला १२ डेसिबल कापणाऱ्या, म्हणजे वरच्या साध्या जोडीपेक्षा दुप्पट कडक क्रॉसओव्हरमध्ये अदलाबदलीच्या जागी वूफर आणि ट्वीटरमध्ये १८० अंशांचा फरक पडतो, म्हणजे एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोन्ही सरळ जोडले तर नेमके तिथलेच सूर एकमेकांना मारतात. म्हणून काही कंपन्या उलटापालट डब्याच्या आतच करून ठेवतात, आणि म्हणून आधी सोबतचा कागद वाचायचा. त्यात गाडीची अडचण वेगळी. ४,००० हर्ट्झची लहर साधारण साडेआठ सेंटिमीटरची. ट्वीटर आरशाजवळच्या तिकोनात आणि वूफर दाराच्या तळाशी, तर कानापर्यंतच्या अंतरात सव्वाचार सेंटिमीटरचा फरकसुद्धा सगळं उलटं करतो. कागदावर सुटणारं हे गणित नाही. ड्रायव्हरच्या जागी बसा, ओळखीचा आवाज लावा, दोन्ही प्रकारे ऐका. गाणाऱ्याचा आवाज जिथे भरीव आणि जवळचा वाटेल ती जोडणी ठेवा. यात काही जळत नाही.

स्टिरिओच्या खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यांवरचा तुमचा टोमणाही मान्य. ‘५० वॅट गुणिले ४’ ही खोक्यावरची भाषा आहे. १४.४ व्होल्टवर चार ओमला निर्भेळ सूर हवा असेल तर हिशोबाने २६ वॅटच्या पुढे जाता येत नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच.

डबा दारात बसवायचा म्हणालात, ते मात्र करू नका. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतंच, म्हणून तर दाराच्या तळाला भोकं असतात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डबा डॅशबोर्डखाली, पायाजवळच्या पॅनेलमागे ठेवा. त्यासाठी दाराच्या रबरी नळीतून एक जास्तीची वायर ओढावी लागते, वैताग आहे खरा. सांधे क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या नळीत वायर घालून पक्कडीने दाबा. काळी टेप उन्हाने चिकट होऊन सुटते. आणि सवयीने स्पीकरची मायनस बॉडीला लावू नका. आजच्या स्टिरिओत प्लस आणि मायनस दोन्ही चालू वायरी असतात. स्टिरिओ जळण्याची भीती असेल तर ती इथे बाळगा.

तुमच्या गाडीतला ट्वीटर काढलात तर त्याच्या पाठच्या कपॅसिटरवर किती मायक्रोफॅरड लिहिलंय ते कळवा. तो कुठल्या सुरापासून वाजतो, ते खालीच हिशोब करून टाकतो.