‘भावा, हातची नोकरी सोडू नको’: त्या संदेशातले सहा दावे तपासून पाहू

तालमीच्या, मंडळाच्या, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर एक लांबलचक संदेश सारखा फिरतोय. ‘भावा, हातची नोकरी सोडू नको’ अशी सुरुवात आणि खाली सहा दावे. दुसरी नोकरी मिळाल्याशिवाय पहिली सोडायची नाही. मनात आणलं तर नोकरी सांभाळून शिकता येतंच. राजीनामा दिला की पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस सगळं बुडतं. नोटीस आणि बॉण्ड यातून सुटका नाही. बायोडाटात खंड दिसला की उमेदवार बाद. आणि सहा महिन्यांचा पगार बाजूला नसेल तर नाद करायचा नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पाळ्या करत पदवी किंवा डिप्लोमा पुरा करू पाहणारी मुलंमुली हे वाचून आणखी एक सत्र वाया घालवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे. नोकरी सोडल्यामुळे सहसा नुकसान होत नाही. चुकीच्या तारखेला आणि कागद न करता सोडल्यामुळे होतं.

दुसऱ्या दाव्यापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त घात तोच करतो. ‘मनात आणलं तर जमतंच.’ फिरत्या पाळीचं गणित मांडून बघा. पहिली पाळी 7 ते 3, दुसरी 3 ते 11, तिसरी रात्री 11 ते सकाळी 7, आणि दर आठवड्याला पाळी बदलते. वर्ग संध्याकाळी 6 ते 8 असेल तर दुसऱ्या पाळीचा आठवडा पूर्ण बुडतो. तीन आठवड्यांतला एक गेला, म्हणजे एकही दिवस आजारी न पडता हजेरी 67 टक्क्यांच्या आत. नियमित अभ्यासक्रमांना बहुतेक ठिकाणी 75 टक्के लागते. सकाळचं कॉलेज असेल तर गत आणखी वाईट. पहिल्या पाळीचा आठवडा तर जातोच, शिवाय रात्रपाळीच्या आठवड्यात 7 वाजता सुटून कागलहून कोल्हापूरला सुमारे 20 किलोमीटर येऊन साडेसातचा तास गाठायचा असतो. ठेकेदाराकडे 12 तासांची पाळी असेल तर हेही गणित मांडायची गरज नाही. इथे इच्छाशक्ती कमी पडत नाही, तास कमी पडतात.

म्हणून राजीनाम्याआधी दोन गोष्टी करून बघाव्यात. पहिली, पाळी बदलून मागणे. तोंडी सांगू नका. अर्ज लिहा, त्याला परीक्षेचं वेळापत्रक आणि प्रवेशाची पावती जोडा, आणि मागणी नेमकी ठेवा: ‘सत्र संपेपर्यंत कायम पहिली पाळी’ किंवा ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रजा, शिल्लक नसल्यास बिनपगारी’. किमान 15 दिवस आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पाळी अदलाबदलीला एखादा सहकारी तयार असेल तर त्याची सही त्याच अर्जावर घ्या. सुपरवायझरला माणूस शोधायचं काम पडलं नाही की अर्ज मंजूर होण्याची शक्यता बरीच वाढते. दर 20 दिवसांच्या कामामागे 1 दिवस भरपगारी रजा साठते, म्हणजे 240 दिवस भरले तर 12 दिवस. ती शिल्लक किती आहे हे आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, नोकरीऐवजी अभ्यासक्रमाचा प्रकार बदलणे. बी.ए., बी.कॉम., एम.कॉम. अशा पदव्यांना शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हे पर्याय इथेच आहेत. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. रोजच्या हजेरीचा प्रश्नच मिटतो, फक्त परीक्षेपुरती रजा लागते. आयटीआय, डिप्लोमा, प्रयोगशाळा असलेले अभ्यासक्रम मात्र असे होत नाहीत. अभियांत्रिकीत नोकरदारांसाठी वेगळ्या तुकड्या असतात, पण तिथे प्रवेशाच्या वेळी नोकरी चालू असल्याचा पुरावा द्यावा लागतो. अशा प्रवेशाचा विचार असेल तर आधी राजीनामा देणं म्हणजे स्वतःच्या हाताने दार लावून घेणं. अर्ज नाकारला गेला, पाळी फिरतीच राहिली आणि अभ्यासक्रम हजेरीचा असला, तर नोकरी सोडण्याचा निर्णय रास्त आहे. त्यात कुणी आळशी ठरत नाही.

आता पहिला दावा: ‘दुसरी हातात आल्याशिवाय पहिली सोडू नको.’ लवचीक नोकरीबद्दल हे खरं आहे. दहा ते सहा, शनिवार अर्धा दिवस, रजा मागितली की मिळते, अशा ठिकाणी असाल तर तिथूनच शोध घ्या. पण ज्या नोकरीत रजा म्हणजे भांडण, तिथून नोकरी शोधायची कशी? मुलाखती कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत होतात. मुलाखत पुण्यात असेल तर जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या वर प्रवास, म्हणजे पूर्ण दिवस गेला. तीन मुलाखती म्हणजे तीन खाडे, आणि न सांगता मारलेला खाडा ‘विनापरवाना गैरहजर’ म्हणून नोंदला जातो. नव्या मालकाने जुन्या ठिकाणी चौकशी केली तर ती नोंद बायोडाटातल्या चार महिन्यांच्या खंडापेक्षा जास्त नडते. पहिली फेरी फोनवर किंवा व्हिडिओवर घ्या अशी विनंती करावी, प्रत्यक्ष मुलाखती एकाच आठवड्यात लावून घ्याव्यात. महास्वयम आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या सरकारी पोर्टलवरची नोंदणी, मूळ कागदांच्या स्कॅन प्रती, एक पानी बायोडाटा ही कामं मात्र नोकरीत असतानाच उरकावीत. सोडल्यावरचे पहिले पंधरा दिवस यातच जातात आणि ते सगळ्यात महागडे दिवस असतात.

तिसरा दावा सरळ चूक आहे, आणि भीती मुख्यतः त्याचीच वाटते. पीएफ बुडत नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तुमचा असतो, मालकाचा नाही. नोकरी सोडली तरी शिलकीवर व्याज चालू राहतं आणि नव्या ठिकाणी खातं जोडून घेता येतं. उलट, घाईने रक्कम काढली तर तोटा. सलग 5 वर्षं व्हायच्या आत काढलेली रक्कम करपात्र धरली जाते, आणि पेन्शनसाठी लागणारी 10 वर्षांची सेवा तुटते.

घोळ होतो तो कागदात. ठेकेदारामार्फत लागलेल्यांच्या यूएएनला कित्येकदा ठेकेदाराच्याच माणसाचा मोबाइल नंबर जोडलेला असतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पीएफला वडिलांचं नावच नाही, हे तर आपल्याकडे घरोघरी. नाव, जन्मतारीख, मोबाइल, बँक खातं जुळतंय का ते राजीनाम्याआधी तपासा, कारण दुरुस्तीला काही वेळा मालकाची मंजुरी लागते आणि बाहेर पडल्यावर तीच मिळता मिळत नाही. सोडल्याची तारीख मालकाने भरली नाही तर दोन महिन्यांनी पोर्टलवर आधारच्या ओटीपीने स्वतः भरता येते. म्हणून आधारला जोडलेला नंबर चालू हवा.

ग्रॅच्युइटीत, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मालक देतो त्या रकमेत, मात्र तारखेला फार किंमत आहे. कायम कामगाराला 5 वर्षांची सलग सेवा लागते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 असेल, तर त्याला 26 ने भागायचं, 15 ने आणि वर्षांनी गुणायचं: 500 गुणिले 15 गुणिले 5, म्हणजे 37,500 रुपये. चार वर्षं नऊ महिने झालेल्याने रागाच्या भरात राजीनामा दिला तर तीन महिन्यांसाठी ही रक्कम वादात अडकते. तिथे दात-ओठ खाऊन थांबावं. दोनच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा विचार सोडा, अजून तीन वर्षं त्यासाठी काढणं परवडणारं नाही.

बोनसची गंमत अशी की लोक दिवाळीसाठी थांबतात. बोनस हा संपलेल्या आर्थिक वर्षाचा असतो. पात्र कामगाराने त्या वर्षात 30 दिवस काम केलं असेल तर तेवढ्या काळाचा बोनस, किमान 8.33 टक्के दराने, त्याचा हक्क आहे, मग दिवाळीत तो हजेरीपटावर असो वा नसो. राजीनाम्याने तो जात नाही. मागणी मात्र लेखी करावी लागते. शिल्लक भरपगारी रजेचे पैसेही मागा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. प्रत्यक्षात हिशेब महिना-दीड महिना रेंगाळतो. दाद मागायला सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, पण तिथे पगाराच्या पावत्या आणि राजीनाम्याची पोच लागते. पावत्या कंपनीच्या ॲपवर असतील तर लॉगिन बंद व्हायच्या आत उतरवून घ्या.

ईएसआयबद्दल, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल, संदेशात शब्द नाही, आणि घरी आजारी माणूस असेल तर हाच मुद्दा सगळ्यात मोठा. 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर वैद्यकीय लाभ पुढच्या वर्षी 30 जूनपर्यंत राहतो. 1 ऑक्टोबर ते 31 मार्चच्या वर्गणीवर तो 31 डिसेंबरपर्यंत राहतो. 75 दिवसांवर सोडून जाणं म्हणजे तीन दिवसांसाठी सहा महिन्यांचं औषधपाणी घालवणं. खासगी गट विमा मात्र बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो.

चौथा दावा, नोटीस आणि बॉण्ड (ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार). तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवण्याचा हुकूम कोर्ट देत नाही, वैयक्तिक सेवेचा करार तसा राबवता येत नाही. पैसे मात्र मागता येतात. बॉण्ड म्हणजे नुसता कागद, असं सांगणारेही चुकतात: मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा 2 लाखांचा बॉण्ड वैध ठरवला आहे. तेव्हा नेमणूकपत्र काढून वाचा. नोटीस 30 दिवसांची असेल आणि 12 दिवसच भरले, तर 18 दिवसांचा पगार कापला जाईल. महिना 18,000 वर ते 10,800 रुपये होतात. कधीकधी शिल्लक रजा नोटिशीत वळती करून घेतात, विचारून बघावं. न सांगता यायचं बंद करणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण मग ना अनुभवपत्र, ना रिलिव्हिंग लेटर.

तारखा उलट्या मोजा. समजा परीक्षा 10 नोव्हेंबरला आहे आणि अभ्यासाला महिना हवा आहे. मग शेवटचा दिवस 10 ऑक्टोबर, आणि राजीनामा 10 सप्टेंबरला. या तारखांत एप्रिल ते सप्टेंबरची ईएसआय वर्गणीही पूर्ण होते. राजीनाम्यात तक्रारी लिहू नका. शेवटची तारीख, आणि हिशेब, रजेचे पैसे, अनुभवपत्र, पीएफला सोडल्याची तारीख भरणे या चार मागण्या, एवढंच. ईमेल करा आणि छापील प्रतीवर पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मूळ गुणपत्रिका कार्यालयात दिल्या असतील तर त्या राजीनाम्याआधी परत घ्या.

पाचवा दावा लवकर संपतो. खंड नडत नाही, न सांगितलेला खंड नडतो. ‘जून ते मे: बी.कॉम. तृतीय वर्ष पूर्णवेळ, सोबत टॅली आणि जीएसटी विवरणपत्रांचा सराव’ अशी एक ओळ लिहा आणि प्रवेशाची पावती जवळ ठेवा. खंड झाकायला जुनी नोकरी दोन महिने लांबवून लिहू नका. पीएफच्या सेवा-नोंदीत लागल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, आणि नवा मालक तीच बघतो.

उरला पैशांचा दावा. सहा महिन्यांचा पगार हा आकडा कुठून आला कळत नाही. पगार मोजू नका, अटळ खर्च मोजा. उदाहरणादाखल: खोलीच्या भाड्यातला वाटा 2,500, मेस 3,200, पेट्रोल 1,200, फोन 300, गाडीचा हप्ता 2,600, किरकोळ 1,200. झाले 11,000. पाच महिन्यांचे 55,000, त्यात परीक्षा शुल्क आणि मुलाखतींचा प्रवास यांचे 12,000 धरले की 67,000. जुन्या नोकरीचा हिशेब यात धरू नका, तो कधी येईल सांगता येत नाही. पाच महिने धरताना नव्या नोकरीचा पहिला महिनाही त्यातच मोजा, कारण रुजू झाल्यावर पहिला पगार हातात पडायला महिना-सव्वा महिना लागतो आणि नेमका तोच महिना लोक विसरतात. पगार जमा होणं थांबलं की काही महिन्यांत पगार खात्याचं साधं बचत खातं होतं आणि काही बँकांत किमान शिलकीचा दंड सुरू होतो. हप्ता त्याच खात्यातून जात असेल तर दंडामुळे शिल्लक कमी पडून हप्ता परत जाऊ शकतो. शून्य शिलकीचं खातं आधीच काढून हप्ता तिकडे वळवा.

67,000 नसतील आणि घर एकट्याच्या पगारावर चालत असेल, तर लगेच सोडू नका, पण संदेश म्हणतो तसं नाद सोडूनही देऊ नका. पाच महिन्यांऐवजी फक्त परीक्षेपुरती सहा आठवड्यांची बिनपगारी रजा मागा: दीड महिन्याचे 16,500 आणि परीक्षा शुल्क, एवढीच जमवाजमव करावी लागते.