भिंत कशाची आहे, एवढंच विचारलं होतं

काल दुपारी चार वाजता नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे एका साइटवर फ्लॅट बघत होतो. सातवा मजला, सगळ्यात वरचा, पश्चिमेकडची बेडरूम. आई जिने चढून दमली होती (लिफ्ट अजून बसायचीय), म्हणून भिंतीला टेकली आणि लगेच बाजूला झाली. मी हात लावून बघितला. खोलीच्या आतल्या बाजूनं, हं! पुट्टी मारलेली, रंग दिलेली भिंत आणि उन्हात उभ्या गाडीच्या सीटसारखी तापलेली.

साइट दाखवणाऱ्या मुलाला विचारलं, "भिंत कशाची आहे? वीट, सिपोरेक्सचे हलके ठोकळे की काँक्रीट?"

"सर, एकदम मजबूत आहे."

"वर स्लॅबवर काय टाकणार? नुसता कोबा, की ऊन अडवणारं काही?"

"सर, वॉटरप्रूफिंगची गॅरंटी आहे."

"अहो, पाण्याचं नाही, उन्हाचं विचारतोय."

त्यावर तो जे बोलला त्यानं माझं डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर नाही. म्हणाला, "सर, एसी तर तुम्ही लावणारच ना!"

लावणारच ना म्हणजे काय? ५८ लाख मोजायचे, वीस वर्षं हप्ते फेडायचे आणि वर तुम्ही बांधलेली भट्टी राहण्याजोगी करायचा खर्चही मीच करायचा? दीड टनाचा एसी रात्रभर चालला की सहा-सात युनिट जातात. महिन्याला दोनशे झाले. त्यात फ्रिज, गिझर, पंप. ३०० युनिटचा टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटचा दर कसा चढतो ते मे महिन्याचं बिल हातात घेतलेल्या कुणालाही विचारा. हा खर्च घराच्या किमतीत धरायचा की नाही? आणि धरायचा तर कुठल्या आकड्यावरून?

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही. राग आहे तो ज्यांना माहीत आहे त्यांच्यावर. आर्किटेक्टला माहीत असतं, बिल्डरला माहीत असतं, भिंत कशाची आणि काच कसली हे त्यांनीच ठरवलेलं असतं. साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत त्याच जाडीच्या सिपोरेक्सच्या भिंतीच्या कितीतरी पट उष्णता आत घेते, हे त्यांना मी सांगायला नको. ब्रोशर मात्र उलटून बघा. नळ कुठल्या कंपनीचे, टाइल्स किती बाय कितीच्या, जॉगिंग ट्रॅक, क्लब हाऊस, बाळांच्या पोहण्याचा तलाव. अठ्ठावीस पानांत भिंतीबद्दल एक ओळ नाही!

आणि त्या सरकत्या खिडक्या! चार फुटांची खिडकी, उघडते दोन फूट. एका काचेमागे दुसरी काच कायम उभी. वारा येणार कुठून? वर छज्जाही नाही, कारण दर्शनी बाजू सपाट छान दिसते म्हणे. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा न देणाऱ्याला मे महिन्यात त्याच खोलीत दुपारभर बसवलं पाहिजे.

मी हे चिडून बोलतोय कारण गेली सहा वर्षं इंदिरानगरला वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतोय. रात्री अकरा वाजता स्लॅब खाली उष्णता सोडत असतो. आई फरशीवर पाणी शिंपडून, ओली चादर टाकून झोपते. तिचं माहेर पंचवटीतल्या वाड्यात. हातभर जाडीच्या भिंती, माजघरात भर उन्हाळ्यातही गार. नाशिक थंड हवेचं म्हणून लोक इथं राहायला यायचे; आता उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि घरं मात्र बांधली जातात ती पूर्वीपेक्षा पातळ भिंतींची.

पंख्यावर वीजबचतीचे तारे असतात. फ्रिजवर असतात. एसीवर तर २०१० पासून सक्तीचे आहेत. दुकानात तीन हजारांचा पंखा घेताना मला कळतं तो किती वीज खाईल. आणि आयुष्यभराची कमाई घालून घेतो त्या घराबद्दल काहीच कळत नाही!

नियम नाहीत असंही नाही. २०१८ मध्ये केंद्रानं इको निवास संहिता आणली. भिंती-खिडक्यांतून घरात किती उष्णता यावी याची मर्यादा त्यात आहे, चौरस मीटरला १५ वॉट. छपरासाठी वेगळी. २०१९ मध्ये घरांसाठी तारांकनही आलं, पण ऐच्छिक. ऐच्छिक म्हटल्यावर कोण करतो? आजवर मी अकरा साइट पाहिल्या, आडगावपासून गंगापूर रोडपर्यंत. एकाही ठिकाणी त्याचं नाव निघालं नाही. इंग्लंडमध्ये २००७ पासून घर विकायचं तर ए ते जी असा दर्जा लिहिलेलं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला द्यावं लागतं. जुन्या घरालासुद्धा.

आपल्याकडे हे होणार नाही, असं मला कुणी सांगू नका. सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना आणि लॉबी आपल्याच गळ्यात मारत होते ना? रेरा हा घरखरेदीचा कायदा आला आणि कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, लिहून द्यावा लागला. २०२३ पासून जाहिरातीत प्रकल्पाची माहिती उघडणारा क्यूआर कोड छापावा लागतो. मग त्याच कोडमागे अजून चार ओळी टाका: भिंत कशाची, छपरावर काय, काच कसली, खिडकी किती उघडते. आणि एक आकडा, उन्हाळ्यात घर किती तापेल त्याचा. टोकन घ्यायच्या आधी, ताबा दिल्यावर नाही.

आज सकाळी साइटवरून फोन आला. "सर, फ्लॅट आवडला ना? टोकनचं कसं करायचं? दोन पार्ट्या अजून बघून गेल्यात." मी म्हटलं, कालचा माझा प्रश्न मॅनेजरना विचारला का? "विचारून सांगतो सर," म्हणाला. आता रात्रीचे साडेनऊ झालेत, फोन नाही. उद्या मीच करणार आहे. भिंत कशाची ते कागदावर लिहून, सही करून द्या. टोकनचं त्यानंतर बोलू.