‘फुल सर्व्हिस’च शेवटी स्वस्त पडते, हे खरे आहे का?

सुट्ट्या जवळ आल्या की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. मला तो डोंबिवलीच्या मामांकडून, अंधेरीच्या आत्याकडून आणि सोसायटीच्या ग्रुपवरून असा तीन वेळा आला. त्याचा सारांश असा : मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील, तर मुंबई–गोवा किंवा मुंबई–नागपूर अशा तासा-दीड तासाच्या प्रवासालाही ‘बजेट’ विमानकंपनीचे तिकीट काढू नये. सामानाचे पैसे वेगळे लागतात, मुलांना आईवडिलांपासून लांब बसवतात, खायला काही मिळत नाही, विमाने जुनी असतात, उड्डाण रद्द झाले तर कोणी विचारत नाही, आणि हे सगळे जमेस धरले की ‘फुल सर्व्हिस’, म्हणजे खाणे-सामान तिकिटातच देणारी, कंपनीच शेवटी स्वस्त पडते. संदेश कळकळीने लिहिलेला आहे. त्यातल्या दोन गोष्टी अर्ध्या खऱ्याही आहेत, आणि म्हणूनच तो हसून सोडून देण्याऐवजी मुद्द्यामुद्द्याने तपासलेला बरा.

आधी त्या लेबलाविषयी. देशांतर्गत प्रवासात आज ‘फुल सर्व्हिस’ म्हणवणारी कंपनी निवडायची म्हटले, तर हाताशी उरते कोण? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. दुसरीकडे ‘बजेट’ म्हणवणाऱ्या इंडिगोनेच नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली–मुंबई मार्गावर बिझनेस श्रेणी सुरू केली. त्यामुळे ‘नेहमी फुल सर्व्हिस घ्या’ या सल्ल्याचा मुंबईकरांसाठी व्यवहारातला अर्थ बहुतेक मार्गांवर ‘एअर इंडिया घ्या, तीही त्या गावाला त्या वेळेला जात असेल तर’ इतकाच उरतो. दोन छावण्यांमधली जी लढाई संदेशात रंगवली आहे, ती आता जुनी झाली आहे.

आता सामान. पूर्ण सेवेच्या तिकिटात भरपूर सामान आणि स्वस्त तिकिटात पिशवीभर, ही समजूत एके काळी बरोबर होती. एअर इंडियाच्या देशांतर्गत इकॉनॉमीत पूर्वी २५ आणि नंतर २० किलो चेक-इन सामान नेता येत असे. मे २०२४मध्ये तिथल्या खालच्या भाडेगटांची, म्हणजे स्वस्त दराच्या तिकिटांची, मर्यादा १५ किलोवर आली. इंडिगो किंवा अकासाच्या साध्या तिकिटातही १५ किलोच मिळतात आणि केबिनमध्ये न्यायची बॅग दोन्हीकडे ७ किलोची. म्हणजे ज्या भाड्याला सामान्य कुटुंब हात घालते, त्या भाड्यात हा फरक शिल्लकच राहिलेला नाही. अधिक वजनाचा हक्क वरच्या भाडेगटात मिळतो, पण त्याचे पैसे तिकिटातच धरलेले असतात.

संदेशातली भीती एका ठिकाणी मात्र रास्त आहे. काही कंपन्या चेक-इन सामानाशिवायचे, केवळ केबिन बॅगेचे तिकीट विकतात. एअर इंडिया एक्सप्रेसचा ‘एक्सप्रेस लाइट’ हा भाडेप्रकार त्यातलाच. शोधयादीत सर्वांत वर झळकणारा आकडा पुष्कळदा हाच असतो, आणि तो पाहून चौघांची तिकिटे काढणारा माणूस काउंटरवर चार बॅगांचे पैसे मोजताना कंपनीला शिव्या देतो. वास्तविक त्याने कंपनी चुकीची निवडलेली नसते, भाडेप्रकार चुकीचा निवडलेला असतो. जास्तीचे वजन आधी ऑनलाइन घेतले तर काउंटरपेक्षा स्वस्त पडते, आणि एकाच पीएनआरवरच्या, म्हणजे एकाच बुकिंगमधल्या, मंडळींचे वजन साधारणपणे एकत्र धरले जाते, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होते. कोकणातून मे महिन्यात परतणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण डझनभर हापूस अडीच-तीन किलो सहज भरतात आणि आपल्याकडे पाहुण्यांना एका डझनावर बोळवण करण्याची पद्धत नाही.

मुलांना लांब बसवतात, हा आरोप सर्वांत जास्त घबराट पसरवणारा, आणि आज तो जवळजवळ निराधार आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०२४मध्ये सर्व विमानकंपन्यांना सांगितले की एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई, वडील किंवा पालक यांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी. हा आदेश स्वस्त कंपनी आणि महाग कंपनी असा भेद करत नाही. मात्र त्यातले शब्द नीट वाचायला हवेत. ‘किमान एकाच्या’ म्हणजे दोघांच्याही शेजारी नव्हे. आणि ‘एकाच पीएनआरवर’ ही अट तर अनेकजण स्वतःच्या हाताने मोडतात. पाच तिकिटे एकदम मागितली की संगणक असा भाडेगट शोधतो ज्यात पाचही जागा शिल्लक आहेत. स्वस्त गटात तीनच उरल्या असतील तर पाचही जणांना वरचा भाव लागतो. ही खुबी कळलेली माणसे मग तीन आणि दोन अशी वेगवेगळी तिकिटे काढतात, किंवा दोन क्रेडिट कार्डांवरच्या सवलती मिळवण्यासाठी तसे करतात. त्यात गैर काही नाही, पण विभागणी करताना प्रत्येक मुलाबरोबर एक पालक त्याच पीएनआरवर राहील असे पाहावे. आजी वेगळ्या तिकिटावर एकटी पडली, तर तिला शेजारी बसवण्याचे बंधन या आदेशाने कोणावरही घातलेले नाही. आवडीची जागा निवडण्याचे शुल्क तर खालच्या भाडेगटांत दोन्ही प्रकारच्या कंपन्या लावतात.

खाण्याच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. मुंबई–गोवा उड्डाणात विमान प्रत्यक्ष हवेत असते ते पाऊण-एक तास, आणि त्यातलाही चढण्या-उतरण्याचा वेळ पट्टे बांधून जातो. तेवढ्यासाठी मिळणारा खोका मुले अर्धा खातात. घरची पोळी-भाजी किंवा थालीपीठ बरोबर न्यायला कोणाची आडकाठी नसते. लोणच्याची बरणी मात्र केबिन बॅगेत ठेवू नये, ती सुरक्षा तपासणीत अडकू शकते.

‘स्वस्त म्हणजे जुनी विमाने आणि देखभालीत काटकसर’ हे विधान मला सर्वांत खटकते, कारण ते वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. विमानकंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि नव्या पिढीची इंजिने इंधन कमी जाळतात. म्हणून कमी भाड्यावर जगू पाहणाऱ्या कंपनीला नवी विमाने परवडतात आणि जुनी परवडत नाहीत. अकासाने ऑगस्ट २०२२मध्ये मुंबई–अहमदाबाद मार्गावर पहिले उड्डाण केले तेच कोऱ्या बोइंग ७३७ मॅक्स विमानांनी, आणि इंडिगोच्या ताफ्यात एअरबसच्या निओ, म्हणजे नव्या इंजिनांच्या, मालिकेचा भरणा आहे. देखभालीचे वेळापत्रक तर निर्मात्याने आखून दिलेले आणि डीजीसीएने मंजूर केलेले असते. तिकिटाच्या भावाप्रमाणे ते सैल होत नाही. स्वस्ताई येते ती एकाच जातीच्या विमानांतून, जास्त आसनांतून, उतरलेले विमान अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उडवण्यातून आणि जागा, खाणे, सामान वेगळे विकण्यातून.

रद्द होणे आणि उशीर, हा संदेशातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि इथे संदेशकर्त्याला काही देणे भाग आहे. डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि मुंबईच्या विमानतळावर कुटुंबेच्या कुटुंबे बॅगांवर बसून राहिली, हे सर्वांनी पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि रात्रीच्या लँडिंगचे नवे, कडक नियम नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते, आणि कंपनीकडे त्यांना पुरतील इतके वैमानिक नव्हते. मोजक्या मनुष्यबळावर विमाने जास्तीत जास्त वेळ उडवत ठेवणे हा स्वस्त व्यवसायपद्धतीचा प्राण आहे, आणि तो असा अंगाशी येऊ शकतो, हे मी नाकारत नाही. पण त्यावरून ‘पूर्ण सेवा म्हणजे भरवसा’ हे सिद्ध होत नाही. २०१२मध्ये किंगफिशर आणि २०१९मध्ये जेट बंद पडली. दोन्ही पूर्ण सेवा देणाऱ्या होत्या आणि दोघींचीही आगाऊ तिकिटे लोकांच्या हातात राहिली. २०२३मध्ये बंद पडलेली गो फर्स्ट स्वस्त कंपन्यांपैकी होती. कंपनी बुडते ती लेबल पाहून नव्हे. त्या डिसेंबरात सरकारने भाड्यांवर कमाल मर्यादा घातली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि १,००० किलोमीटरपर्यंत १२,००० रुपये, कर व विमानतळ शुल्क वगळून. याचाच अर्थ बाकीच्या कंपन्यांचे भावही तोवर आभाळाला टेकले होते.

‘कोणी विचारत नाही’ हे तर सरळ चूक आहे. उड्डाणाची नियोजित वेळ अडीच तासांपर्यंतची असेल आणि दोन तासांचा उशीर अपेक्षित असेल, तर वेळेवर आलेल्या प्रवाशांना खाणेपिणे द्यावे लागते. उशीर सहा तासांहून अधिक असेल तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा. आगाऊ न कळवता उड्डाण रद्द केले, तर एक ते दोन तासांच्या प्रवासासाठी ७,५०० रुपये किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते भरपाई म्हणून मिळते. वादळ-पावसासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू नाही. हे सारे डीजीसीएचे नियम असून ते सगळ्या देशी कंपन्यांना सारखेच बांधतात. मागायला काउंटरवर जावे लागते आणि आवाज थोडा चढवावा लागतो, ही गोष्ट वेगळी. मला तो अनुभव दोन्ही प्रकारच्या कंपन्यांकडे आलेला आहे.

मुळात मुंबईच्या उशिराचे कारण बहुधा कंपनीत नसतेच. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि जुलैतल्या एका मुसळधार सरीने सगळ्यांचीच रांग लांबते. उशीर दिवसभर साठत जातो. म्हणून मुलांना घेऊन जाताना मी लेबल पाहण्याआधी दोन गोष्टी पाहतो : सकाळचे पहिले उड्डाण मिळते का, आणि ते रद्द झालेच तर त्याच कंपनीचे त्याच गावाला त्याच दिवशी दुसरे उड्डाण आहे का. दिवसाकाठी एकच फेरी असलेल्या कंपनीचे संध्याकाळचे उड्डाण घेणे, मग ती कितीही मानाची असो, हा जुगार आहे.

जिथे पूर्ण सेवेची बाजू खरोखर भक्कम आहे, ते मात्र संदेशात आलेलेच नाही. पुढे परदेशी उड्डाण जोडायचे असेल आणि सामान थेट शेवटच्या मुक्कामी जायला हवे असेल, तर एकाच तिकिटावरचा प्रवास फार सोयीचा. गोव्याच्या सहलीला त्याचा उपयोग नाही.

राहिला हिशोब. नवरा-बायको, आजी आणि दोन मुले अशी पाच माणसे धरू. समजा, स्वस्त कंपनीचे एकेरी तिकीट ४,३०० आणि दुसरीचे ५,४०० रुपये आहे, सामानाची मर्यादा दोन्हीकडे तीच. संदेशकर्त्याला झुकते माप देऊन असे मानू की जागांसाठी माणशी २५० आणि खाण्यासाठी माणशी ३५० रुपये फक्त स्वस्त कंपनीतच लागले. ते झाले ३,०००. भाड्यातला फरक ५,५०० आहे, म्हणजे तरीही २,५०० रुपये हातात राहतात. भाड्यातला फरक माणशी ६०० रुपयांहून कमी असेल तर महागडी कंपनी स्वस्त पडेल, आणि तशा तारखाही असतात. ‘नेहमी’ हा शब्द संदेशातून काढला असता तर मला इतके लिहावे लागले नसते.

या हिशोबात एक रक्कम संदेशकर्ता धरतच नाही, ती टॅक्सीची. सांताक्रूझचे टर्मिनल १ आणि सहारचे टर्मिनल २ यांना मेट्रो ३ची दोन वेगळी स्थानके आहेत, आणि तिकिटावरचे टर्मिनल न वाचता निघालेले कुटुंब बॅगांसह भलत्याच दारात उभे राहते. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. पहिल्याच दिवशी तिथून उडालेल्यांत इंडिगो, अकासा आणि एअर इंडिया एक्सप्रेस होत्या, आणि पनवेल-खारघरच्या माणसाला या कंपन्या परवडतात त्या तिकिटाइतक्याच घरापासूनच्या अंतरामुळे. उतरण्याच्या टोकालाही तेच. गोव्यात जानेवारी २०२३पासून दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. आम्हाला सावंतवाडीला जायचे होते, आणि आमच्या तारखेला ‘फुल सर्व्हिस’चे सोयीचे उड्डाण होते ते दाबोळीला. मोपाहून सावंतवाडी अगदी जवळ. दाबोळीहून अर्धा गोवा ओलांडून यावे लागते. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही सकाळचे, मोपाचे, बिनखाण्याचे तिकीट काढले, आणि दुपारचे जेवण सावंतवाडीला घरी जाऊन जेवलो.