मूल नाव काढेल, शाळेतून!

आपल्या मुलाने माध्यमिक शाळा अर्ध्यावर सोडावी अशी तुमची इच्छा नसेलही, पण त्या दिशेने काम मात्र उत्तम चाललं आहे. थोडं सातत्य ठेवलंत तर यश पक्कं.

घाई नको. शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी पहिला तास बुडतो, मग अख्खा दिवस, मग चाचणी परीक्षा. शेवटी हजेरीपटावर नाव तेवढं उरतं. या काळात तुम्ही काहीही विचारायचं नाही. ‘मोठा झालाय, त्याचं तो बघेल,’ एवढं म्हणून मोकळं व्हायचं. झोपायचं कधी, अभ्यास करायचा की नाही, सगळं त्याच्यावर सोपवा.

निकालाच्या दिवशी मात्र अचानक पालक व्हा. प्रगतिपुस्तक हातात घ्या. गणितात मागच्या वेळी २९ होते, आता ३८ आहेत. ते नऊ गुण नजरेआड करा. ‘बाकीच्यांना किती?’ असं विचारा. तो चाचरत म्हणेल, ‘बाबा, वर्गात समजत नाही, आणि विचारलं तर...’ इथेच तोडा. ‘उलट बोलू नकोस!’ मोबाइल जप्त करा, दोन दिवसांनी कंटाळून परत द्या.

ही युक्ती माझी नव्हे. रसेल रम्बर्गर आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका हायस्कूलचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध केला. शाळा सोडणाऱ्यांच्या घरी हेच जास्त आढळलं: निर्णय मुलावर सोडलेले, गुण घसरले की राग आणि शिक्षा, आणि त्याच्या शिक्षणात पालकांचा सहभाग बेताचा. (पालकसभेची चिठ्ठी दप्तरातच राहू द्या.)

मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या तीन तऱ्हा मांडल्या. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथी ओळखली: मुलाचं काहीच पडलेलं नसलेले. ज्यांना ओरडायचाही कंटाळा येतो, त्यांची सोय झाली.

हुकूमशहा चालतील, मोकाट सोडणारे चालतील. जपायचं ते बॉमरिंडबाईंच्या उरलेल्या तऱ्हेपासून. ही माणसं नियम घालतात, वर त्याची कारणं सांगतात, मुलाचं ऐकून घेतात आणि पटलं तर नियम बदलतातसुद्धा! आइसलँडमध्ये १४ वर्षांच्या मुलांचा २२ व्या वर्षापर्यंत मागोवा घेतला, तेव्हा अशा घरातली मुलं उच्च माध्यमिक शिक्षण पुरं करण्याची शक्यता जास्त दिसली. म्हणजे तुमची सगळी मेहनत पाण्यात.

अर्थात सगळं श्रेय एकट्याने लाटू नका. गरिबी, कमाईची घाई, वर्गात होणारी हेटाळणी यांचाही वाटा असतो. पण ते हिशेब शाळेत जाऊन, विचारपूस करूनच कळतात, आणि तुम्हाला वेळ कुठे आहे?

मूल घरी बसलं की नातेवाईक येतील. ‘आम्ही काही कमी केलं नाही,’ असं ठामपणे सांगा. फी तर वेळेवर भरलीच होती. कुणी थेट मुलालाच विचारलं, ‘काय झालं रे?’ तर त्याने तोंड उघडायच्या आत उत्तर तुम्ही देऊन टाका.